मराठ्यांच्या लष्करावरील देखरेख आणि दफ्तरांची रुजवात

मराठ्यांच्या लष्करासंबंधी जे विपुल लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग मोहिमा, वेढे आणि सेनापतींचे पराक्रम यांनी व्यापलेला आहे. लष्कर लढते कसे, याचा विचार पुष्कळ झाला. लष्करावर नजर कोण ठेवीत होते, याचा विचार मात्र बहुधा राज्यव्यवस्थेच्या प्रकरणात अधिकाऱ्यांची नामावळी देऊन आटोपला जातो. हवालदार, सबनीस, कारखानीस, मजमूदार, फडणीस, चिटणीस ही नावे अभ्यासकांच्या परिचयाची असतात. परंतु हे अधिकारी परस्परांशी कोणत्या नात्याने बांधलेले होते, एकाच्या कामावाचून दुसऱ्याचे काम अडत होते की काय, आणि लष्करी देखरेख करणारा कारकून मुलकी दफ्तराशी कोठे जोडला जात होता, हे प्रश्न त्या नामावळीतून सुटत नाहीत.

या प्रश्नांना केवळ कारभाराच्या तपशिलाइतकेच महत्त्व आहे असे नाही. सतराव्या व अठराव्या शतकांत लष्कर हे राज्याचे रक्षण करणारे साधन होते, तसेच रयतेच्या उभ्या पिकाला, किल्ल्यातील धान्याला आणि सरकारी खजिन्याला सर्वांत जवळचे संकटही तेच होते. शिपायाचा पगार थकला तर तो कुणब्याच्या घरात शिरे. किल्ल्यावरचा दाणा कागदावर असून कोठारात नसला तर वेढ्यात किल्ला पडे. सरदाराने हजार स्वारांची नेमणूक घेऊन सहाशेच बाळगले तर रणांगणावर त्याची किंमत सर्वांना मोजावी लागे. यास्तव लष्करावरील देखरेख हा राज्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न होता.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे: मराठी राज्यात लष्करावर देखरेख ठेवणारे एक स्वतंत्र, सर्वाधिकारी खाते कधीच नव्हते. देखरेखीचे बळ कोणा एका अधिकाऱ्याच्या हुद्द्यात नसून निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या कागदांची परस्परांशी रुजवात घालण्यात होते. जोवर हे कागद वेगवेगळ्या हातांत राहिले आणि हुजुरात एकत्र येऊन ताडून पाहिले गेले, तोवर देखरेख जिवंत राहिली. ते एका हातात गेले, अथवा हुजुरात कोणी ते वाचेनासे झाले, तेव्हा हुद्दे तसेच राहूनही देखरेख मात्र संपली.

१. साधनांचा विचार

शिवकालीन लष्करी व्यवस्थेचे सर्वांत सुसंगत वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत मिळते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिली गेलेली ही बखर शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतरची आहे, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. व्यवस्था कशी असावयाची, ते सभासद सांगतो. प्रत्यक्षात ती सर्वत्र आणि सर्वदा तशीच चालली असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच्या वर्णनास शिवकालीन अस्सल पत्रांची जोड द्यावी लागते. अठराव्या शतकाच्या आरंभीचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र हे धोरणाचे साधन आहे. पेशवाईकरिता पेशवे दफ्तरातील कागद, रोजनिश्यांतील उतारे, आणि राज्य खालसा झाल्यावर माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन याने १८१९ साली सादर केलेला अहवाल ही साधने उपलब्ध आहेत. डॉ. सुरेन्द्रनाथ सेन यांनी १९२३ व १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील व लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथांत या साधनांचा प्रथमच पद्धतशीर उपयोग झाला, आणि पुढील विवेचनासही त्यांचाच पाया आहे.

२. सेनानायकाच्या शेजारी बसलेला कारकून

सभासदाच्या वर्णनाप्रमाणे पागेची रचना अशी होती: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. ही उतरंड सर्वपरिचित आहे. तिच्या बरोबरीने चालणारी दुसरी उतरंड मात्र तितकी लक्षात घेतली जात नाही. जुमलेदारास पाचशे होनांची तैनात होती, तर त्याच्याजवळच्या मजमूदारास शंभर ते सव्वाशे होन मिळत. हजाऱ्यास एक हजार होन, आणि त्याच्याकडील मजमूदार, कारभारी व जमेनीस यांस मिळून पाचशे होन. पायदळातही हाच प्रकार होता: जुमलेदारास शंभर होन व त्याच्या सबनिसास चाळीस, हजाऱ्यास पाचशे व त्याच्या सबनिसास शंभर ते सव्वाशे.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. लेखनाधिकाऱ्याचे वेतन सेनाधिकाऱ्याच्या वेतनाहून बरेच कमी असले, तरी ते सरकारने स्वतंत्रपणे ठरविलेले होते. जुमलेदार आपल्या तैनातीतून मजमूदाराचे पोट भरीत नव्हता. ज्याचे वेतन सेनानायकाच्या मर्जीवर अवलंबून नाही, तोच त्याची हजेरी निर्भयपणे लिहू शकतो, हे तत्त्व येथे गृहीत धरलेले दिसते. याखेरीज बातमीचे कारकून, हरकारे व जासूद यांचीही नेमणूक लष्कराबरोबर असे. हिशेबाचा कागद आणि बातमीचा कागद हे हुजुराकडे पोहोचण्याचे दोन भिन्न मार्ग होते, आणि एकाचा खोटेपणा दुसऱ्याने उघड व्हावा अशी सोय त्यात होती.

पागेतील बारगीर आणि शिलेदार यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. शिलेदाराचे घोडे त्याचे स्वतःचे. बारगिराचे घोडे सरकारचे. सरकारी घोडे मेले, बदलले की विकले गेले, याचा हिशेब लागावयाचा तर तो घोड्यावर बसणाऱ्याने अथवा त्याच्या नायकाने लिहून चालणार नव्हते. पागेतील कारकुनाचे काम केवळ माणसे मोजण्याचे नव्हते. सरकारी मालमत्तेचा तो एक प्रकारे रखवालदार होता.

मोहिमेच्या वार्षिक चक्रात हीच पद्धत दिसून येते. पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढून लष्कर दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडे आणि आठ महिने परमुलखात राही. निघताना लहानथोर सर्वांच्या जवळच्या चीजवस्तूंची यादी केली जाई. परत येताना सरहद्दीवर झाडा घेतला जाई, आणि यादीपेक्षा जे अधिक निघेल त्याची किंमत करून ते पगारात मजरा धरले जाई. मोलाच्या वस्तू हुजुरात जमा होत. जाताना केलेला कागद आणि येताना केलेला कागद यांची तुलना हीच येथे देखरेख. परमुलखात आठ महिने शिपायाच्या मागे कोणी फिरत नव्हते, आणि फिरण्याची गरजही नव्हती. दोन टोकांचे कागद सच्चे असले की मधला व्यवहार बव्हंशी हाती येत असे.

३. किल्ल्यावरील तीन दफ्तरे

किल्ल्यांच्या व्यवस्थेत हे तत्त्व सर्वांत रेखीव स्वरूपात आढळते. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी समान दर्जाचे असत, आणि धान्यसामग्रीच्या जमाखर्चासाठी कारखानीस असे. दरवाजे मावळतीस बंद करणे व उगवतीस उघडणे आणि किल्ल्यांच्या कुलुपकिल्ल्या सांभाळणे ही जबाबदारी हवालदाराची, चौकीपहारा सरनोबताचा, हजेरी व लेखन सबनिसाचे, अंबारखाना, दारूगोळा आणि इतर सरंजाम कारखानिसाचा.

ही विभागणी सामान्यतः कामांची वाटणी म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती कागदांची वाटणी होती. सबनिसाच्या हजेरीपटावरून किल्ल्यावर किती माणसे आहेत हे कळावयाचे. कारखानिसाच्या जमाखर्चावरून रोज किती दाणा खर्ची पडला हे कळावयाचे. हजेरीपटावर माणसे अधिक दाखवून पगार लाटावयाचा म्हटले, तर तितक्या माणसांचा शिधाही कोठाराच्या हिशेबात खर्ची पडला पाहिजे. कोठारातील दाणा चोरून विकावयाचा म्हटले, तर तितकी तोंडे हजेरीपटावर दिसली पाहिजेत. एका कागदातील असत्य लपविण्यासाठी दुसऱ्या हातातील कागदात त्याच मापाचे असत्य पेरावे लागे. दोघांचे संगनमत झाल्यावाचून अफरातफर पचत नसे, आणि दोघांचे जुळले तरी दरवाजातून काय आत आले व काय बाहेर गेले, ते हवालदाराच्या आणि पहारेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडत असे.

या तिघाचौघांतील नात्यास सहकार्य म्हणावे की परस्परसंशय म्हणावे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. उत्तर असे की, या व्यवस्थेत दोहोंमध्ये भेदच केलेला नव्हता. कारखानिसास शिधा वाटण्यासाठी सबनिसाची हजेरी लागे. सबनिसास पगाराचा हिशेब पुरा करण्यासाठी कारखानिसाकडून दिलेल्या जिनसांचा आकार लागे. एकमेकांचा कागद मागितल्यावाचून कोणाचेच काम पुढे सरकत नसे. नित्याच्या कामातच तपासणी गोवलेली असल्यामुळे तपासणीसाठी वेगळा प्रसंग शोधावा लागत नव्हता.

४. वरात: लष्कर आणि मुलूख यांचा सांधा

किल्ल्यावरील कागद किल्ल्यावरच ताडून पाहता येत. परंतु लष्कराचा पैसा येई मुलखातून. लष्करी देखरेख आणि मुलकी हिशेब यांची गाठ जेथे पडे ते स्थान म्हणजे वरात. शिवकाली सैनिकांस व सेनाधिकाऱ्यांस जमिनी तोडून देण्याची पद्धत शक्य तो टाळलेली होती; त्यांचा पगार हुजुरातून रोख अथवा एखाद्या महालावर वरात देऊन भागविला जाई. वरात निघाली की तिची नोंद लष्कराकडे पावतीच्या रूपाने आणि महालाकडे खर्चाच्या रूपाने, अशी दुहेरी होई. सुभेदाराने दिले म्हणून लिहिले आणि लष्कराने पावले नाही म्हटले, की हुजुरास विचारणा करता येई.

ही विचारणा कोणत्या भाषेत होई, याचे उत्तम उदाहरण १६७५ सालच्या जानेवारीतील एका पत्रात आहे. प्रभावळी मामल्याचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाच्या कामी असलेल्या आरमाराकरिता दौलतखान व दर्यासारंग यांस ऐवज व गल्ला पोहोचवावयाचा होता. तो वेळेवर पोहोचला नाही. महाराजांचे पत्र केवळ सुभेदारास नव्हे, तर सुभेदार व कारकून यांस मिळून आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीने काही देऊन या लोकांस फितविले असावे, असा संशय त्यात उघडपणे व्यक्त केलेला असून, ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही, असेही बजावलेले आहे. मुलकी अधिकाऱ्याची कसूर लष्कराच्या तक्रारीवरून हुजुरात कळली आणि लष्कराच्या हितासाठी हुजुराने मुलकी दफ्तरास जाब विचारला, असा हा व्यवहार आहे.

उलट दिशेचा व्यवहार चिपळूणनजीकच्या छावणीस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात दिसतो. हे पत्र १६७३-७४ च्या सुमाराचे असून ते जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना एकत्रित लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आरंभीच उधळल्यास पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरचा दाणा, भाकर, गवत, लाकूडफाटा ओरबाडू लागतील. आणि कुणबी परागंदा होऊन या लष्करापेक्षा मोगल बरे म्हणतील, अशी कारणपरंपरा त्यात मांडलेली आहे. रोजचा शिधा मोजून द्यावा, आणि चूल, हुक्का व दिवा यांपासून गवतास आग लागणार नाही याची काळजी घ्यावी, असा तपशील पुढे येतो. जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, इथवर ही काळजी पोहोचली आहे.

या पत्राकडे रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या मायन्याकडेही लक्ष जावयास हवे. शिधा वाटणारा कारकून आणि शिपायांवर हुकूम चालविणारा जुमलेदार यांना एकाच वाक्यात बांधून जबाबदारी सामाईक केलेली आहे. दाणा संपला तर कारकुनास शिपायांच्या बेशिस्तीकडे बोट दाखविता येणार नाही, आणि शिपाई गावात शिरले तर जुमलेदारास कोठार रिकामे होते असे म्हणता येणार नाही. हिशेब ठेवणाऱ्यास निव्वळ साक्षीदार राहू न देता परिणामाचा वाटेकरी करणे, हा या मायन्याचा अर्थ आहे.

५. जातीच्या आधारावरील उपपत्ती

किल्ल्यावरील हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू, अशी वाटणी असे आणि जातिजातींतील तेढीमुळे फितुरीस आळा बसे, अशी उपपत्ती सामान्यतः मांडली जाते. ही वाटणी अस्तित्वात होती, यात शंका नाही. आणि निरनिराळ्या समाजांतील माणसे एकत्र नेमल्याने संगनमत अवघड होई, हेही मान्य करावयास हरकत नाही. तथापि हाच या व्यवस्थेचा कणा होता असे मानणे तीन कारणांनी कठीण जाते.

पहिले असे की, प्रभावळीच्या पत्रातील व्यवहार हा सुभा आणि आरमार यांच्या दरम्यानचा आहे. तेथे कसूर उघडकीस आली ती वरातीप्रमाणे ऐवज पावला नाही म्हणून; त्यात जातीय स्पर्धेचा संबंध नाही. दुसरे असे की, पेशवाईत मामलेदार आणि त्याच्यावर नजर ठेवणारे दरकदार हे पुष्कळदा एकाच जातीचे, क्वचित एकाच आप्तसमूहातले असत. तरीही थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत हिशेबाची तपासणी कसोशीने होत असे. जातिभेद हाच देखरेखीचा आधार असता, तर ती या काळात कोसळावयास हवी होती. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, पुढे ती कोसळली तेव्हा अधिकाऱ्यांच्या जाती बदललेल्या नव्हत्या. कागद एकत्र येण्याचे ठिकाण नाहीसे झाले होते. जातींची विभागणी ही देखरेखीस पूरक होती. तिचा कणा मात्र हातांची आणि दफ्तरांची विभागणी हा होता.

६. सरंजाम: दोन कागद एका हाती

राजाराम महाराजांच्या काळी मोगलांशी चाललेल्या जीवनमरणाच्या झगड्यात रोख पगार व वराता यांची पद्धत टिकणे शक्य नव्हते. खजिना नव्हता, मुलूख शत्रूच्या ताब्यात होता, जो सरदार आपल्या हिमतीवर फौज उभी करील त्यास मुलूख तोडून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. या निर्णयाने राज्य वाचले, हे निर्विवाद आहे. परंतु देखरेखीच्या दृष्टीने त्याचा परिणाम मूलगामी झाला. सरंजामदार आपल्या मुलखाचा वसूल स्वतःच करी आणि त्यातून आपल्या फौजेचा पगार स्वतःच देई. पूर्वी वरातीच्या दोन टोकांना असलेले दोन कागद आता एकाच कचेरीत, एकाच धन्याच्या हुकमाने लिहिले जाऊ लागले. त्यांची रुजवात घालावयाची तरी कोणाशी?

आज्ञापत्रातील इशारे या पार्श्वभूमीवर वाचले असता त्यांचा रोख अधिक स्पष्ट होतो. वृत्ती व वतने वाढविण्यास अमात्यांचा विरोध आहे. किल्ल्यांवरील अधिकारी वंशपरंपरेने एकाच जागी राहू नयेत, ते ठराविक मुदतींनी बदलले जावेत, असा आग्रह आहे. दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या माणसांचे हितसंबंध एक होतात आणि मग त्यांचे कागदही एक होतात, हा अनुभव त्यामागे असावा. अमात्य स्वतः जमाखर्चाच्या खात्याचे प्रमुख होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. किल्ल्याचे महत्त्व सांगताना त्यांची दृष्टी लढवय्याची असते, तितकीच हिशेब तपासणाऱ्याचीही असते.

७. दरकदार आणि हुजूर दफ्तर

पेशव्यांपुढे प्रश्न असा होता की, सरंजामी फौजा तर मोडता येत नाहीत. मग त्यांच्यावर नजर कशी ठेवावयाची? उत्तर म्हणून दरकदारांची जुनी संस्था विस्तारली. मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मजमूदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस अशा दरकदारांची नेमणूक असे. मोठ्या सरदारांकडेही दिवाण, फडणीस, मजमूदार असे दरकदार सरकारातून येत. त्यांच्या अधिकारासंबंधी दोन नियम ध्यानात घेण्यासारखे आहेत. ज्याच्याजवळ दरकदार नेमलेला असे त्यास तो काढून टाकण्याचा अधिकार नव्हता. आणि दरकदाराकडे त्याच्या दरकाबाहेरचे काम सोपविण्याचाही अधिकार नव्हता. पहिला नियम उघड आहे. दुसरा अधिक मार्मिक आहे. जो तपासनीस धन्याची इतर कामे करू लागतो, तो हळूहळू धन्याचाच माणूस होतो, हे ओळखून तो केलेला दिसतो.

कचेरीतील कामाची साखळी अशी होती की, दिवाणाची निशाणी झाल्यावाचून पत्र अथवा हुकूम बाहेर जात नसे. हिशेब प्रथम मजमूदाराने पाहावयाचा, मग तो फडणिसाकडे जावयाचा. फडणिसाने हुकुमांवर तारीख घालून रोजकीर्द तयार करावयाची. तिच्यावरून दफ्तरदाराने खतावणी करून दरमहा गोषवारा हुजुरात पाठवावयाचा. रोकड किती आली व किती उरली याचा हिशेब पोतनिसाचा, आणि नाण्यांची पारख पोतदाराची. हुकुमाचा कागद, हिशेबाचा कागद आणि रोकड ही तीन निरनिराळ्या हातांत ठेवलेली होती.

हे सर्व कागद पुण्यास हुजूर दफ्तरात येत. चालते दफ्तर फड, बेहडा, सरंजाम इत्यादी शाखांत विभागलेले असून, चालू कामास न लागणारे कागद एकबेरीज दफ्तरात जात. लष्करी व मुलकी देखरेख एकत्र येण्याचे स्थान ते हेच. सरंजामाच्या शाखेत कोणत्या सरदाराकडे किती मुलूख जातीच्या खर्चास आणि किती फौजेच्या खर्चास आहे, याची नोंद असे. बेहड्याच्या शाखेत महालांच्या अपेक्षित जमाखर्चाचे अंदाज असत. या दोहोंच्या साहाय्याने सरदाराच्या हजेरीची आणि त्याच्या उत्पन्नाची तुलना करणे शक्य होई. थोरल्या माधवरावांनी स्वतः या कामात लक्ष घातले, आणि त्यांच्या नजरेखाली तयार झालेले बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस यांनी पुढे पाव शतक या दफ्तराच्या बळावर राज्य चालविले. फडणिशीचा हुद्दा राज्याच्या कारभारातील सर्वांत प्रबळ हुद्दा व्हावा, ही घटना व्यक्तिगत कर्तृत्वाइतकीच या दफ्तराच्या स्थानामुळेही घडली.

८. पहारेकरी पक्षकार होतो तेव्हा

या पद्धतीचे एक मर्मस्थान होळकरांच्या घराण्यातील प्रसंगात उघडे पडते. मल्हारराव होळकर १७६६ साली वारले; त्यांचा नातू मालेराव १७६७ साली मृत्यू पावला. गंगाधर यशवंत चंद्रचूड हे पेशव्यांकडून होळकरांच्या दौलतीत आलेले दिवाण होते. त्यांनी एखादा अल्पवयी मुलगा दत्तक घ्यावा असा आग्रह धरला, आणि त्यास रघुनाथरावांचा पाठिंबा मिळाला. अल्पवयी मालक आणि अनुभवी दिवाण अशा स्थितीत सत्ता कोणाच्या हाती जाणार, हे अहिल्याबाईंनी ओळखले. त्यांनी ठाम विरोध केला, आणि माधवरावांनी अखेर त्यांचीच बाजू उचलून धरली. कारभार अहिल्याबाईंकडे व फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे आले.

या प्रसंगाकडे अहिल्याबाईंच्या मनोधैर्याची कथा म्हणून पाहिले जाते. देखरेखीच्या इतिहासात त्याचा आणखी एक अर्थ आहे. सरदाराच्या फौजेत हुजुराचा माणूस एकटाच असला, त्याच्या कागदाची रुजवात घालणारा दुसरा हात नसला, आणि हुजुरातीलच एका पक्षाशी त्याचे सूत जुळले, तर तो पहारेकरी न राहता पक्षकार होतो. या वेळी दौलत वाचली, कारण पुण्यात रघुनाथरावांच्या वर माधवराव होते आणि त्यांनी दिवाणाच्या सांगण्यावर विसंबून न राहता दुसरी बाजू ऐकली. किल्ल्यावर तीन दफ्तरांनी जे काम आपोआप होत असे, ते येथे एका पेशव्याच्या विवेकबुद्धीवर अवलंबून राहिले.

९. ऱ्हास

उत्तर पेशवाईतील ऱ्हासाची कारणे तीन प्रकारची दिसतात. पहिले, दरक वंशपरंपरेचे झाले. दरकाचे उत्पन्न घेणारा एक, आणि प्रत्यक्ष काम करणारा त्याचा मुतालिक दुसरा, अशी स्थिती आली. ज्या नेमणुकीत हुजुराचा हात उरला नाही तिच्यातील निर्भयताही उरली नाही. दुसरे, दरकदाराचे वेतन अनेक ठिकाणी त्याच मामलतीच्या अथवा सरंजामाच्या उत्पन्नातून पडू लागले. शिवकालीन मजमूदाराची स्वतंत्र तैनात ही कल्पना मागे पडली.

तिसरे कारण निर्णायक ठरले. १८०२ च्या वसईच्या तहानंतर गादीवर पुन्हा आलेल्या दुसऱ्या बाजीरावांनी मामलती इजाऱ्याने देण्यास आरंभ केला. इजाऱ्यात सरकारास ठरीव रक्कम मिळाली की तिच्यामागील जमाखर्च पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. दरकदार कचेरीत बसत, वेतन घेत; पण त्यांचे कागद मागणारे हुजुरात कोणी नव्हते. दफ्तराकडे केवळ दुर्लक्षच झाले असे नाही, तर लोकांनी त्यातील कागद उचलून नेले, असे एलफिन्स्टनच्या काळातील इंग्रज अधिकाऱ्यांना आढळून आले. सरंजामाची चौकशी कागदावर करण्याचे सामर्थ्य गमावल्याचा परिणाम १८१२ साली दिसून आला. दक्षिणेतील पटवर्धनादी सरंजामदारांचा आणि पेशव्यांचा वाद पंढरपूर येथे मिटविला गेला, तो एलफिन्स्टनच्या मध्यस्थीने. कोणी किती मुलूख बाळगावा आणि कोणी किती चाकरी करावी, हा पूर्वी हुजूर दफ्तरात सुटणारा प्रश्न आता परक्या वकिलाच्या दरबारात सुटू लागला. सहा वर्षांनी राज्यच गेले.

१०. समारोप

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष लष्करी व्यवस्थेपुरता मर्यादित नाही. देखरेख करणारा अधिकारी नेमला म्हणजे देखरेख झाली, ही समजूत मराठी राज्याच्या अनुभवाने खोटी ठरविली आहे. १६७५ साली आणि १८१५ साली हुद्द्यांची नावे बव्हंशी तीच होती. फरक इतकाच की, पहिल्या काळी आरमाराची तक्रार आणि सुभ्याचा हिशेब एकाच माणसासमोर येऊन पडत होते व त्यांतील विसंगती त्यास सहन होत नव्हती. दुसऱ्या काळी ते एकत्र येतच नव्हते.

या पद्धतीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. तिच्यात माणूस, घोडा, दाणा आणि होन यांस कागद होता. ज्याच्या घरात शिपाई शिरे त्या कुणब्यास मात्र कागद नव्हता. हजेरीपट आणि कोठाराचा हिशेब तंतोतंत जुळूनही गाव लुटले गेलेले असू शकते. चिपळूणच्या पत्रात ही उणीव राजाने आपल्या कल्पनाशक्तीने भरून काढली. रिकामे कोठार आणि पळणारा कुणबी यांतील दुवा त्याने स्वतः पाहिला. पुढील काळात तो दुवा पाहणारे फार थोडे निघाले.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक कार्यदिशा सुचते. पुण्याच्या पुराभिलेखागारात असलेल्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद बहुधा विषयवार किंवा घराणेवार वाचले जातात. एकाच किल्ल्याचा एकाच वर्षाचा हजेरीपट, कोठाराचा जमाखर्च आणि ज्या महालावर त्याची नेमणूक होती त्या महालाचा ताळेबंद असे तिन्ही कागद एकत्र मांडून वाचल्यास, त्या काळच्या हुजुराने जी रुजवात घातली अथवा घालावयाची टाळली, ती आज पुन्हा घालता येईल. मराठ्यांचे लष्कर कागदावर किती होते आणि मैदानावर किती होते, या जुन्या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर त्याच मार्गाने मिळण्याचा संभव आहे.